उत्तर बरोबर होतं, मग गुण कुठं गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचवीच्या सहामाहीला मी एक वजाबाकी घातली होती. ५०३ वजा २७८, गुण दोन. एका मुलाने उभी मांडणी केलीच नाही. त्याने आडवं लिहिलं होतं, "२७८ ला २२ दिले की ३००. ३०० ला २०३ दिले की ५०३. २२ आणि २०३ मिळून २२५." उत्तर बरोबर. उत्तरसूचीत मात्र मांडणीला एक गुण आणि उत्तराला एक गुण असं होतं. मी मांडणीचा गुण कापला आणि लाल पेनाने शेजारी 'रीत?' असं लिहिलं. पेपर वाटून झाल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. भांडायला नाही, खरंच कळून घ्यायला. म्हणाला, "बाई, चुकलं कुठं?" मी सांगितलं, पुस्तकात दिलंय तसं करायचं. तो "बरं" म्हणून जागेवर गेला. पुढच्या घटक चाचणीत त्याने उभी मांडणी केली, आणि हातचा घेताना चुकला.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. पण गेले काही महिने नव्या अभ्यासक्रमाविषयी आपल्या दैनिकात जे जे छापून येतंय ते वाचताना तो मुलगा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. पुस्तकं कशी असतील, पानं किती, चित्रं कोणती, वेळापत्रक काय, यावर भरपूर लिहिलं जातंय. पेपर कसा असेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तपासायचा कसा, यावर कुणी बोलत नाही. मी अनुदानित शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. या काळात पुस्तकं तीनदा बदललेली पाहिली. दर वेळी स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न एकच असतो, "पेपर पॅटर्न आला का?" याला कुणी शिक्षकांचा आळस म्हणेल. मी म्हणणार नाही. वर्षभराच्या तासिकांत काय घोटून घ्यायचं आणि काय वरवर उरकायचं, हे पेपरवरूनच ठरतं. पुस्तकात "मुलांना आपापल्या रीती शोधू द्या" असं लिहिलेलं असलं आणि उत्तरसूचीत एकाच रीतीला गुण असला, तर वर्गात उत्तरसूची जिंकते. माझ्या वर्गात ती जिंकलीच होती.

त्याच पेपरातली त्याच वजाबाकीची आणखी दोन उत्तरं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यांत आहे. एका मुलीने उत्तर लिहिलं होतं ३७५. दुसऱ्या एका मुलाने २३५. दोघांनाही मी मांडणीचा एक गुण दिला आणि उत्तराचा शून्य. गुणपत्रकात दोघं सारखे, दोनपैकी एक. पण वही उघडून बघा. ३७५ लिहिणारी मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग तो वरचा असो की खालचा. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेला सात, पाचातून दोन गेले तीन. तिला वजाबाकी म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नव्हतं. तिच्यासमोर दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन बसायला हवं होतं. २३५ लिहिणाऱ्याला सगळं समजलं होतं. शतकाकडून आणलेल्यातला एक दशक त्याने एककाला दिला, पण मधल्या घरात दहाचे नऊ करायला तो विसरला. त्याला पाच मिनिटं पुरली असती. आणि ज्याला आकड्यांची सर्वांत चांगली जाण होती, तो २२५ वाला, त्यालाही दोनपैकी एकच. तीन मुलं तीन अगदी वेगळ्या ठिकाणी उभी होती, आणि माझ्या पेपरने तिघांना एकाच बाकावर बसवलं.

पाचवी आणि आठवीला आता राज्यात वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात. म्हणजे असा एखादा कापलेला गुण आता फक्त प्रगतिपत्रकाच्या कोपऱ्यात पडून राहणार नाही, काठावरच्या मुलाचं एक वर्ष त्याला लटकलेलं असेल.

मोठ्या वर्गांचंही सांगते. दहावीचं गणिताचं पुस्तक मागे बदललं तेव्हा पेपरात 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न आले. उदाहरणाच्या किंवा सिद्धतेच्या पायऱ्या छापून मध्ये रिकाम्या चौकटी सोडायच्या आणि मुलांनी त्या भरायच्या. हेतू चांगला होता. ज्या मुलाला अख्खी सिद्धता लिहिणं झेपत नाही, त्यालाही तर्काची साखळी पकडता यावी. पहिल्या वर्षी मी खूश होते. दुसऱ्या वर्षी गाइडांमध्ये सगळ्या कृती भरलेल्या चौकटींसह आल्या, आणि मुलं चौकटी पाठ करू लागली. मी पूर्वपरीक्षेच्या पेपरात भूमितीमध्याच्या प्रमेयाची कृती घातली आणि आकृतीतली अक्षरं तेवढी बदलली. सरावात पी, क्यू, आर होती, मी एल, एम, एन घेतली. प्रमेय तेच, पायऱ्या त्याच, आकृती शेजारी काढून दिलेली. कितीतरी मुलांनी चौकटीत 'क्यूएस' लिहिलं. त्या आकृतीत क्यू हे अक्षरच नव्हतं. मी त्या उत्तरपत्रिका घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. यात मुलांना दोष देता येत नाही. एकदा प्रश्नाचा साचा ठरला, की तो साचा शिकवणं हेच शिकवणं होऊन बसतं, आणि मी स्वतः तेच केलं होतं.

म्हणून नुसता नवा 'प्रकार' आणून भागणार नाही. प्रश्न कुठल्या हेतूने घातलाय हे घालणाऱ्याला नीट ठाऊक असावं लागतं. सहावीच्या दशांश अपूर्णांकांचं घ्या. 'मोठी संख्या ओळखा: ०.४५ की ०.६२?' हा प्रश्न जवळपास सगळा वर्ग बरोबर सोडवतो. आता विचारा, '०.४५ की ०.८?' बरेच हात ०.४५ साठी वर जातात. का, असं विचारलं की उत्तर येतं, "पंचेचाळीस मोठे ना, बाई, आठापेक्षा." या मुलांना दशांशचिन्हापलीकडचा भाग ही एक वेगळी पूर्ण संख्याच वाटते. पहिल्या प्रश्नात बासष्ट पंचेचाळीसपेक्षा मोठेच असल्याने चुकीच्या समजुतीनेही उत्तर बरोबर आलं आणि गुण मिळाला. दोन्ही प्रश्न एका गुणाचे, दोन्ही पुस्तकातल्या एकाच पाठावरचे, छापायला दोन्हींना सारखीच जागा. ०.८ च्या प्रश्नातून शिक्षकाला काही कळतं, ०.६२ च्या प्रश्नातून काही कळत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कितीजणांना हा फरक माहीत असतो? मला नोकरीची पहिली दहा वर्षं तरी माहीत नव्हता. कुणी सांगितलाच नव्हता. पेपर काढण्याचं प्रशिक्षण म्हणजे संविधान तक्ता भरणं, कुठल्या घटकाला किती गुण आणि सोपे-मध्यम-कठीण किती टक्के, एवढंच आमच्या वाट्याला आलं.

आता मोकळ्या प्रश्नांविषयी, कारण नव्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर भर आहे आणि तो योग्यच आहे. 'लांबी ६ सेमी, रुंदी ४ सेमी, क्षेत्रफळ काढा' याऐवजी मी एकदा सातवीला विचारलं, 'क्षेत्रफळ २४ चौसेमी असेल असे दोन वेगळे आयत काढा. कोणाची परिमिती जास्त? का?' एका मुलीने ६ बाय ४ आणि १२ बाय २ असे आयत काढले आणि खाली एकच ओळ लिहिली, "लांब केला की कडा वाढते, मधली जागा तेवढीच राहते." सूत्र नाही, २० आणि २८ हे आकडे नाहीत, एकक नाही. मला ते उत्तर इतकं आवडलं, की मी ते स्टाफरूममध्ये दाखवलं. आम्ही गणिताचे तिघं. प्रश्न तीन गुणांचा. मी तीनपैकी तीन दिले. एका सहकाऱ्यांनी एक दिला, कारण परिमिती काढूनच दाखवलेली नाही. तिसऱ्यांनी अडीच. मग आमची चांगली चाळीस मिनिटं चर्चा झाली. प्रश्नात 'परिमिती काढा' असं म्हटलंय का? नाही. मग ती न काढण्याला गुण का कापायचा? पण एका उदाहरणावरून तिने नियम सांगितला, तो पुरेसा पडताळला का? शेवटी आम्ही ठरवलं, दोन अचूक आयतांना एक गुण, बरोबर तुलनेला एक, आणि कारण आकृतीशी जोडलेलं असेल तर एक, मग ते कुठल्याही शब्दांत असो. त्या हिशोबाने तिला तीन मिळाले. माझ्या आजवरच्या नोकरीतलं सर्वांत उपयोगी प्रशिक्षण म्हणजे ती चाळीस मिनिटं. ती मधल्या सुट्टीत झाली, डबे तसेच राहिले.

अशी चाळीस मिनिटं शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाहीत. साठ मुलांची तुकडी, अशा दोन-तीन तुकड्या, तपासणीला आठवडा, त्यात गुण ऑनलाइन भरणं. अशा वेळी मोकळा प्रश्न आला की शिक्षक दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर काहीतरी लिहिलंय म्हणून सरसकट गुण देतो, नाहीतर उत्तरसूचीतलं वाक्य शोधत बसतो. दोन्हींत मुलाचं डोकं वाचायचं राहून जातं. राज्यभर एकाच वेळी होणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांचंही तेच होतं. गुण वर कळवले जातात, मुलाने लिहिलेलं चाचणीपत्रिकेतच राहतं.

हे सगळं आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर गणिताचं जे आधारपत्र निघालं, त्यात शालेय गणिताच्या दुखण्यांमध्ये मूल्यमापनाच्या ढोबळ पद्धतीचं नाव स्पष्ट घेतलं होतं, कारण तिच्यामुळे गणित म्हणजे यांत्रिक आकडेमोड अशी समजूत पक्की होते. त्यानंतर २०१० मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता करायच्या मूल्यमापनाची आठ साधनं, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, पुढे तो कमी होत होत सातवी-आठवीला ४० टक्के. कागदावर याहून चांगलं काय मागावं? प्रत्यक्षात काय झालं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे आणि आम्ही ते उघड बोलत नाही, म्हणून मी इथे लिहिते. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. 'गणिती क्रिया अचूक करतो.' 'उदाहरणे सोडवण्यात रस घेते.' 'पाढे पाठ आहेत.' आम्ही त्या याद्यांवरून पन्नास-पन्नास मुलांच्या नोंदी एका रविवारी उतरवून काढल्या. मीसुद्धा काढल्या. ३७५ लिहिणाऱ्या त्या मुलीच्या नोंदवहीत मी 'संख्यांवरील क्रिया करते' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आता समग्र प्रगतिपत्रक येतंय. त्यात मुलाचं स्वतःचं मत, मित्रांचं मत, पालकांचं मत, शिक्षकांचं निरीक्षण असे रकाने आहेत. कल्पना मला मनापासून पटते. पण रकाने जितके जास्त, तितक्या लवकर तयार याद्या निघतील. मी गेली काही वर्षं स्वतःपुरता एक प्रयोग करते. रोज दोनच मुलं. त्यांच्याशी एखाद्या उदाहरणावर दोन-तीन मिनिटं बोलायचं आणि त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत एका ओळीत लिहायचं. 'शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातच लिहिले.' 'पाव म्हणजे चार, अर्धा म्हणजे दोन, म्हणून पाव मोठा.' साठ मुलांची तुकडी सहा-सात आठवड्यांत एकदा पूर्ण होते, वर्षात चारदा. म्हणजे प्रत्येक मुलाच्या चारच ओळी. पण त्या चार ओळींवरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळतं की सुरुवात कुठून करायची. भरलेल्या चाळीस रकान्यांवरून ते कळत नाही.

लहान वर्गांच्या तोंडी मूल्यमापनातला एक पेच खास आपल्या भाषेचा आहे. पाचवीला आलेल्या मुलांना जूनमध्ये मी संख्या सांगून लिहायला लावते. 'सत्त्याऐंशी' म्हटलं की काहीजण ७८ लिहितात. त्यांनी काही वेडंवाकडं केलेलं नसतं. कानावर आधी सात पडलं, मग ऐंशी, त्याच क्रमाने त्यांनी लिहिलं. 'एकोणसत्तर'मध्ये सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे असतात ६९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' म्हणण्याची रीतही दिली गेली, तेव्हा पार विधिमंडळापर्यंत तिची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात, आणि जुनी नावं काढून टाकलेली नाहीत. वाद भाषेच्या अस्मितेवर जाऊन थांबला. शिक्षकाचा साधा प्रश्न तसाच राहिला. सत्त्याऐंशी ऐकून ७८ लिहिणाऱ्या मुलाला गणितात शून्य द्यायचं का? माझ्यापुरतं मी उत्तर शोधलं आहे. मी त्याला ८७ आणि ७८ या संख्या लिहून दाखवते आणि विचारते, यातल्या कुठल्या संख्येत दहाचे गठ्ठे जास्त? याचं उत्तर बरोबर आलं तर गणित आलंय, नाव शिकायचं राहिलंय. दोन्ही शिकवायलाच हवं, पण नोंद वेगवेगळी व्हायला हवी. हे कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या म्हणण्यावर पालक काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, कारण दर पालकसभेत ते ऐकते. "मॅडम, पाढे पाठ करून घ्या, बाकीचं होईल." पाढे हवेतच. हातच्याची उभी वजाबाकीही हवी, मोठ्या संख्यांना तिच्यासारखी रीत नाही. सराव नको असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला सात आठे छप्पन्न म्हणायला बोटं मोजावी लागतात, त्याचं डोकं त्यातच अडकतं आणि पुढचा विचार करायला जागा उरत नाही. माझी तक्रार इतकीच, की पेपरने फक्त सराव मोजला आणि त्याला गणित हे नाव दिलं. पालकांना दुसरी भीती शिष्यवृत्तीची आणि पुढच्या प्रवेश परीक्षांची असते. त्या बहुपर्यायी आहेत, मग शाळेत कारणं लिहायला शिकून काय करायचं? मी त्यांना ०.४५ आणि ०.८ चं उदाहरण देते. तिथे घोळलेलं मूल बहुपर्यायी प्रश्नातही नेमका चुकीचाच पर्याय निवडतं, कारण ती चूक ओळखूनच तो पर्याय तिथे ठेवलेला असतो.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर घोर लावला आहे ती. जाहीर झालेलं वेळापत्रक असं होतं: २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, २०२८-२९ ला आठवी, दहावी आणि बारावी. हे जसंच्या तसं पाळलं गेलं, तर मार्च २०२९ मध्ये दहावीला बसणारं मूल आठवीपर्यंत संपूर्ण जुन्या पुस्तकांवर वाढलेलं असेल. नवी पद्धत त्याला नववीत पहिल्यांदा दिसेल आणि पुढच्याच वर्षी बोर्डाचा पेपर तिच्यावर येईल. ही मुलं २०२५-२६ ला सातवीत होती. माझ्याच वर्गात होती. मी त्यांना जुन्या पुस्तकातून शिकवलं, जुन्या पद्धतीने तपासलं. त्यांच्यापैकी एकालाही पहिली तुकडी म्हणून प्रयोगाला जुंपण्याचा आपल्याला काय अधिकार?

२०१९ ची दहावी आठवते. नवं पुस्तक, नवा आराखडा, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढलेले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षासाठी ते २० गुण घाईने परत आणले. गणिताचे अंतर्गत गुण तेव्हा काढलेले नव्हते, त्यामुळे ती घसरण गणिताच्या माथी मारता येणार नाही. मी तो प्रसंग वेगळ्या कारणासाठी आठवते. मूल्यमापन बदलताना कुणी मधल्या मुलांचा विचार केला नाही, आणि निकाल पाहून बदल मागे घेताना तो का केला होता याचाही विचार झाला नाही. ज्या तुकडीने तो भोगला, तिला पुढच्या वर्षीच्या सुधारणेचा काहीच उपयोग नव्हता.

तेव्हा मागणं काय? पुस्तकासोबतच, शाळा सुरू होण्याआधी, प्रत्येक इयत्तेच्या गणितासाठी नमुना प्रश्न यावेत. आणि नुसते प्रश्न नकोत. प्रत्येक प्रश्नाखाली खऱ्या मुलांनी लिहिलेली पाच-सहा उत्तरं असावीत, खाडाखोडीसकट, आणि कुठल्या उत्तराला किती गुण व का, हे लिहिलेलं असावं. उत्तरसूचीत एक आदर्श उत्तर छापणं बंद व्हावं. तपासणीच्या आठवड्यात प्रत्येक शाळेतल्या गणित शिक्षकांना एकत्र बसून काही पेपर तपासायला दोन तासिका अधिकृतपणे मिळाव्यात. लहान शाळेत गणिताचा शिक्षक एकटाच असतो, तिथे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या शाळांनी मिळून बसावं. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, शिक्षण परिषदेला, आम्ही जमतोच, त्या दिवशी भाषणांऐवजी उत्तरपत्रिका मध्ये ठेवाव्यात. आणि दहावीच्या पहिल्या दोन वर्षांत नव्या प्रकारच्या प्रश्नांचं वजन मर्यादित असावं, माझ्या मते पाचव्या हिश्श्यापर्यंत, मग ते दर वर्षी ठरलेल्या प्रमाणात वाढावं. हे प्रमाण आधीच जाहीर करा. मुलांना आणि आम्हाला कळू द्या की काय येणार आहे. गुप्तता प्रश्नांची असावी, अपेक्षेची नसावी.

यातलं पहिलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीचं आहे. खऱ्या उत्तरांचा तुटवडा नाही. राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ती पडून आहेत आणि मुदत संपली की रद्दीत जातात.

माझ्याकडे तीन वह्या आहेत. २२५ चा गुण कापल्याला एक वर्ष झालं तेव्हापासून मी त्यांत मुलांची उत्तरं उतरवून ठेवते, नाव न लिहिता, फक्त इयत्ता आणि महिना घालून. बरोबर असून गुण गेलेली, चुकीची असून गुण मिळालेली, आणि ज्यांना किती द्यावेत हे मला आजही ठरवता आलेलं नाही अशी. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची तयार करणाऱ्या मंडळींना त्या हव्या असतील, तर माझा पत्ता संपादकांकडे आहे. झेरॉक्सचा खर्च मी करीन.

पत्र लांबलं आहे. जागेसाठी कापावं लागलं तर माझी मतं कापा, मुलांची उत्तरं तेवढी ठेवा.

कळावे,
आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षिका
(नाव छापू नये, ही विनंती.)